पहिला घाव मालकाचा

पहिल्याच भेटीत नामूभाऊंनी माझ्या गाडीची चावी जळक्या ऑइलच्या डब्यात फेकून दिली. माझ्या डोळ्यांदेखत. चावी बुडाली, वर दोन बुडबुडे आले आणि भाऊ फडक्याला हात पुसत दुसऱ्या गाडीकडे वळले.

"ओ, डोकं फिरलं का तुमचं?" मी ओरडले. अमरावतीत माझं साड्यांचं दुकान आहे. दिवसभर गिऱ्हाइकांशी घासाघीस करून माझा आवाज काही नाजूक राहिलेला नाही.

"फिरलंच हाय," ते वळूनही न बघता म्हणाले. "तुमचं जाग्यावर हाय ना? मंग लेकरं घेऊन चिखलदऱ्याले कावून चालल्या या गाडीत?"

झालं होतं एवढंच की ब्रेक जरा मऊ लागतोय, म्हणून मी बडनेरा रोडवरच्या त्यांच्या गॅरेजात गाडी नुसती दाखवायला नेली होती. दुसऱ्या दिवशी दोन्ही मुलं आणि सासूबाईंना घेऊन चिखलदरा करायचा होता. भाऊंनी मला सीटवर बसवलं, इंजिन चालू ठेवलं आणि म्हणाले, "दाबा ब्रेक. सोडू नका." मी दाबून धरला. पेडल आधी थांबलं आणि मग माझ्या पायाखाली हळूहळू, अगदी हळूहळू खाली बसत गेलं. ब्रेक ऑइल पूर्ण भरलेलं, कुठे थेंबभर गळती नाही, तरी पेडल बसतंय म्हणजे ब्रेकला दाब देणाऱ्या मास्टर सिलेंडरची रबरी सीलं आतून गेली. सपाट रस्त्यावर हे कळतही नाही. घाट उतरताना मात्र एका वळणावर पेडल थेट तळाला जातं.

"गाडी पयले कुरकुरते, मंग वरडते, मंग मारते," भाऊ म्हणाले. "तुमची अजून कुरकुरूनच राह्यली. नशीब समजा."

चिखलदरा राहिला. नवा सिलेंडर बसला, चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांत अडकलेली हवा काढून झाली, भाऊंनी चुंबकाने तेलातून चावी काढली आणि बाहेरच्या रस्त्यावर गाडी पिटाळून असा काही ब्रेक मारला की माझं कपाळ काचेला लागता लागता वाचलं. मग त्यांनी काढलेला जुना सिलेंडर गॅरेजच्या दारातल्या रुळाच्या तुकड्यावर ठेवला आणि भलामोठा घण माझ्या हातात दिला.

"मारा."

"मी?"

"गाडी तुमची, पार्ट तुमचा. पयला घाव मालकाचा. मंग मी हावोच."

भर बाजारात, इस्त्रीची साडी नेसून, मी घण हाणला. पहिल्यांदा नुसता रूळ वाजला. मग मला इतका राग आला, कोणाचा कोण जाणे, की पुढचे घाव मी आपणहून घातले. भाऊ पहिल्यांदाच हसले. "जमते तुमाले," म्हणाले. मग त्यांनी उरलासुरला चुरा केला आणि माझी चावी फडक्याने पुसून परत दिली.

ही त्यांच्या गॅरेजची रीत. ब्रेकचे पॅड असोत, पाण्याचा पाइप असो की स्टिअरिंगचा रॉड, काढलेला पार्ट अखंड बाहेर जायचा नाही. वकील आले, डॉक्टर आले, आजाऱ्यासारखी गाडी ढकलत आणणारे आले, सगळ्यांनी घण उचलला. माझ्या गाडीला शोरूमवाले मोठ्या कौतुकाने क्रॉसओव्हर म्हणायचे. भाऊ म्हणायचे, "ना जीप ना मोटर. खेचर हाय थे. ओझं वाह्यते, पण लाथबी तेच मारते." या खेचराची त्यांनी पुढे कित्येक वर्षं मनापासून सेवा केली. अकोल्याला माल आणायला माझी सतत ये-जा, आणि मूर्तिजापूरकडून कापसाच्या गाड्यांमागून आलं की एसीच्या जाळीत रुईचा थर बसायचा. ती जाळी ते माझ्या नाकासमोर आपटायचे. "हे पाय. हे तुमी वढून राह्यल्या छातीत!" एकदा चाकातून घूं घूं आवाज येत होता. मी रेडिओ मोठा करून महिनाभर चालवली. भाऊंनी आधी रेडिओचं बटणच उपटून टाकलं आणि मग चाकाचं बेरिंग काढलं.

पण हे सगळं लाडाचं होतं असं कोणी समजू नये. माणूस खरोखर मारकुटा होता. शाळेची मुलं नेणाऱ्या एका ड्रायव्हरचे टायर गुळगुळीत दिसले, तेव्हा त्याला गाडीतून ओढून पंख्याच्या जुन्या पट्ट्याने त्यांनी असा सोलला की तो पोलिसात गेला. ठाण्यातही भाऊ तेच म्हणाले, "टायर पाहून या, मंग मले आत टाका." मला त्यांचा हा मार कधीच पटला नाही, आणि मी तसं तोंडावर सांगितलं. त्यावर त्यांनी पाना भिंतीवर फेकून मारला.

भिंतीवर खिळ्याला एक गाठोडं टांगलेलं असायचं, लाल फडक्यात बांधलेलं. त्याला कोणी हात लावला की भाऊंच्या हातात असेल ते त्याच्या अंगावर जायचं. आणि एकच माणूस आलं की हा वाघ मांजर व्हायचा. ती म्हणजे शोभावहिनी, त्यांच्या धाकट्या भावाची, बापूची, बायको. बापू दर्यापूरला प्रवासी जीप चालवायचा. ब्रेक फेल होऊन जीप नाल्यात गेली आणि तो गेला, हे सगळ्या रोडला ठाऊक होतं. भाऊंनी लग्न केलं नव्हतं. वहिनी रोज दुपारी डबा आणायच्या, भाऊ साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे आणि खाली मान घालून जेवायचे. वहिनींकडे डोळे वर करून पाहताना मी त्यांना कधी पाहिलं नाही.

बाकीच्या रोडलाही भाऊंनी घणाची रीत लावली, आणि तिथे बिनसलं. जुने पार्ट गोळा करून, घासूनपुसून, रंग देऊन, नव्या खोक्यात विकणारा एक भंगारवाला होता. त्याचा माल आटला. आधी त्याने निरोप धाडले. भाऊंनी निरोप आणणाऱ्याच्या मुस्काटात दिली. मग एका दुपारी, माझी गाडी जॅकवर असताना, एक पिकअप येऊन थांबली. चौघे उतरले. भाऊंनी पहिल्याचं नाक फोडलं, दुसऱ्याला लाथेने नालीत पाडलं, पण तिसऱ्याने मागून मिठी मारली आणि चौथ्याने त्यांचा उजवा हात त्याच रुळाच्या तुकड्यावर दाबून धरला. नाक फुटलेला उठला. त्याने घण उचलला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, आणि तो अजून माझ्या कानातून जात नाही.

मी काय केलं ते मला नीट आठवतही नाही. लोक सांगतात, मी त्यांच्या हातून पडलेला घण उचलला आणि "मुडद्यांनो!" असं ओरडत पिकअपची समोरची काच फोडली, मग दोन्ही दिवे, मग दार. शेजारची गॅरेजवाली माणसं पाने घेऊन धावली तसे ते चौघे फुटक्या काचेची गाडी घेऊन पळाले. मला त्याचा आजही पश्चात्ताप नाही, सांगून ठेवते.

भाऊंना रिक्षात घालून दवाखान्यात नेताना त्यांचा तो हात माझ्या मांडीवर होता. साडी रक्ताने भिजली होती. वेदनेने त्यांचे दात वाजत होते, आणि त्या वेदनेतच ते बोलले.

"ताई, थे लाल फडकं कोणाले उघडू देजा नका. त्यात बापूच्या जीपचा सिलेंडर हाय."

"असू द्या भाऊ, बोलू नका."

"आयका ना! त्याच्यावर छन्नीच्या तीन खुणा हायेत. माह्या. जुना पार्ट नव्यात मिसळू नये म्हणून तवा मी खुणा करत जावो. कोणाचातरी खराब सिलेंडर म्याच काढला, खूण केली अन् भंगारात फेकला. कोणी त्याले रंग मारून इकला. थोच बापूच्या गाडीत बसला." त्यांची मान माझ्या खांद्यावर कलली. मला वाटलं शुद्ध गेली. "थो माह्याकडं कावून नाही आला, माहीत हाय? सर्विसिंगले उशीर केला म्हणून म्या त्याले चारचौघांत झोडपला व्हता. भ्यायचा मले. म्हणून दुसरीकडं गेला. शोभाले यातलं काहीच ठाऊक नाही. मी तिच्या हातचं जेवतो, ताई."

मी रडायला लागले. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं आणि गाडी आणखी दामटली.

हाडाला स्टीलची पट्टी बसली, स्क्रू बसले, पण बोटं वळेनात. भाऊ गॅरेजात खुर्चीवर बसून कारागिरांना शिव्या द्यायचे. भंगारवाल्यावर केस झाली. आता शोभावहिनी त्यांना घास भरवायच्या. ते पाहवत नसे. प्रत्येक घासाला भाऊंचा चेहरा असा व्हायचा की जणू कोणी चटका देतंय. एके दिवशी मी गाडीचं कूलंट बदलायला गेले होते, आणि त्यांनी तिसऱ्या घासाला डबाच लाथेने उडवला. भात सगळीकडे.

"काय झालं, भाऊजी?" वहिनी घाबरून म्हणाल्या.

भाऊ उठले. डाव्या हाताने लाल गाठोडं खाली ओढलं, दातांनी गाठ सोडली. गंजलेला ओतीव सिलेंडर रुळावर आदळला. मला रिक्षात सांगितलं होतं ते सगळं त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं, एक शब्द न गाळता. खुणांवर बोट ठेवून दाखवलं. बापूला झोडपलेलंही सांगितलं. मग घण फरफटत वहिनींच्या पायाशी आणला.

"हा बापूचा. मंग मालक तू हायेस. पयला घाव तुहा." आणि त्यांनी आपला डावा, धड राहिलेला हात सिलेंडरवर ठेवला. पंजा पसरून. "मार."

वहिनींनी घण उचलला. बारीक अंगाची बाई, पण उचलला. त्यांच्या तोंडावर जे होतं ते मी कोणत्याही माणसाच्या तोंडावर पाहिलेलं नाही. घण डोक्यावर गेला. कारागीर जागीच थिजले. मी "वहिनी!" म्हणून ओरडले असेन. भाऊंनी डोळे मिटले नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते त्यांच्याकडे सरळ बघत होते.

"हात काढा," वहिनी म्हणाल्या.

"मार म्हन्तो ना!"

"हात काढा, भाऊजी! एक गेला थो गेला. दुसराबी तोडून का मलेच जन्मभर घास भरवाले लावता?"

भाऊंनी हात काढला. वहिनींनी घाव घातला. आणि घालतच राहिल्या. बापूला शिव्या देत, भाऊंना शिव्या देत, देवाला तर काय काय म्हणत. ओतीव लोखंडाचे तुकडे उडाले, एक माझ्या गाडीच्या दाराला लागून पोचा पडला. तो पोचा मी कधी काढला नाही.

त्यानंतर बरेच दिवस डबा आला नाही. भाऊ चहा-बिस्किटावर राहिले. मी आणलेल्या पोळ्या त्यांनी कारागिरांना वाटल्या. मग एका दुपारी वहिनी आल्या, डबा खुर्चीजवळ आपटला आणि म्हणाल्या, "आपल्या हातानं खा." भाऊंनी डाव्या हाताने खाल्लं, अर्धं अंगावर सांडलं. त्यानंतर त्यांनी कोणावर हात उगारलेला मी पाहिला नाही. नव्या कारागिराला ते सांगायचे, "गिऱ्हाइकाले वरड, शिव्या दे, पण मारू नको. भ्यालेला मानूस गाडी लपवते."

गेल्या उन्हाळ्यात गॅरेजातच खुर्चीवर बसल्या जागी ते गेले. हृदयाचं दुखणं त्यांनी आम्हा कोणाला सांगितलंच नव्हतं. स्वतःची कुरकुर काही त्यांनी ऐकली नाही.

स्मशानात मडकं कोणी धरायचं यावरून घोळ झाला. गावाकडचे एक काका पुढे सरसावले. इतक्यात शोभावहिनी गर्दीतून आल्या आणि त्यांनी मडकं खांद्यावर घेतलं.

"बाई मानूस कुठं मडकं फोडते काय?" काका म्हणाले.

"यायच्या मांगं कोण हाय दुसरं? मालक मी हावो," वहिनी म्हणाल्या. "सरका."

काका दोन पावलं मागे सरकले. वहिनींनी प्रदक्षिणा घातली, मडकं मागे टाकलं, आणि ते फुटल्याचा आवाज आल्यावर त्या रडायला लागल्या.