कमळमावशीकडे चालत जाताना

किस्से काही कोणी गोळा करायला जात नाही. तीन बायका जुन्या वस्तीत पायी फिरायला निघाल्या की ते आपोआप पदरात पडतात. आम्ही तिघी लालबागच्या एकाच चाळीतल्या. शोभा आता डोंबिवलीला, मी नालासोपाऱ्याला, आणि रेखा लग्न झाल्यापासून बडोद्याला.

मध्यंतरी रेखा आली ती एकाच कामासाठी, कमळमावशीला भेटायला. रेखा लहान असतानाच तिची आई गेली. शेजारच्या कमळमावशीनेच तिला न्हाऊमाखू घातलं, वेण्या घातल्या, वाढवलं. "पुढच्या खेपेला नक्की" म्हणत रेखाने किती वर्षं घालवली ते तिलाच विचारा. आता मावशीला सगळं आठवत नाही. तिची सून वैशाली फोनवर म्हणाली, "सकाळी या हं. सकाळी माणसं ओळखतात त्या. दुपारनंतर काही भरवसा नाही."

म्हणून आम्ही सकाळीच दादरला भेटलो. तिथून टॅक्सी केली असती तर चहाच्या वेळेला मावशीच्या पुढ्यात असतो. पण रेखा म्हणाली, "चालत जाऊ या ना. किती दिवसांत पाहिलं नाही सगळं." आणि आम्ही गाढवासारख्या हो म्हणालो.

*

पहिला मुक्काम फुलबाजार. रेखाला मावशीसाठी अबोलीची वेणी हवी होती. भाव करायचा तर शोभाने, हे आमचं लहानपणापासून ठरलेलं. शोभा पदर खोचून पुढे झाली. "क्या भाभी, इतना महंगा? कल तो सस्ता था." काल ती डोंबिवलीत होती.

फुलवाली ऐकत राहिली. शोभाचं सगळं बोलून झाल्यावर शांतपणे म्हणाली, "बाय, माका मराठी येता. तू हिंदीत कित्याक बोलतंस?"

शोभाने मुकाट्याने सांगितलेला भाव दिला. पूल उतरताना तिने वेणीचा पुडा रेखाच्या हातात दिला. मग म्हणाली, "माझी आईपण अशीच बोलायची गं."

*

नायगावात एका डिलिव्हरीवाल्याने बाइक थांबवून रस्ता विचारला. आमची शाळा तिथलीच, त्यामुळे तिघींनाही चेव आला. मी म्हटलं, पिठाच्या गिरणीवरून डावीकडे. शोभा म्हणाली, छे, इराण्याच्या हॉटेलवरून सरळ. रेखा म्हणाली, आधी व्यायामशाळा लागेल, तिथे कोणालाही विचार.

तो बिचारा मान वळवून बघत होता. पत्र्याचं कुंपण, क्रेन, पुन्हा पत्र्याचं कुंपण. शेवटी त्याने मोबाइल काढला आणि अगदी अदबीने म्हणाला, "आंटी, आप लोग भी बाहर से आये हो क्या?"

*

परळला रेखाला मॉलमध्ये जायचं होतं. का, तर तिथे पूर्वी तिच्या वडिलांची मिल होती. दारातल्या गार्डने पर्स उघडायला लावली. ही त्याला सांगायला लागली, "माझे वडील इथेच कामाला होते."

"कुठल्या मजल्यावर?"

"तेव्हा मजले नव्हते हो. साच्यावर होते ते, कापड विणायचे."

गार्डला काही झेपलं नाही. "स्टाफचं गेट मागे आहे मॅडम. तिकडून जा."

आणि ही बया खरंच वळसा घालून मागे गेली, बंद गेटला हात लावून आली. मी घड्याळाकडे बघत होते. "रेखे, चल आता," मी म्हटलं. तिने ऐकल्यासारखं केलं.

*

लालबागला मसाल्याच्या गल्लीत शिरलो आणि तिघी शिंकायला लागलो. मावशीचं घर तिथून हाकेवर. पण रेखाला तेवढ्यात मसाला कुटून घ्यायचा होता. दुकानदार गमत्या निघाला. "तिखट कसं करायचं? सासूचं का आईचं?"

शोभा हसली. रेखाने मात्र उत्तर दिलं, "आईचं मला ठाऊक नाही. शेजारच्या मावशीचं पाठ आहे." आणि घडाघडा सांगायला लागली, बेडगी किती, संकेश्वरी किती, दगडफूल नावाला, खसखस नकोच. दुकानदार गुपचूप मिरच्या मोजायला लागला.

मसाल्याला वेळ लागला. मग भूक लागली म्हणून खानावळ, मग रेखाला आणखी एक सोलकढी. शोभाचा पारा चढला. "तू मुद्दाम उशीर करतेयस. घाबरतेस तू."

"हो, घाबरतेय," रेखा म्हणाली. "तिने ओळखलं नाही, तर मी कोणाची गं?"

*

चाळीच्या जागी आता टॉवर. मावशीचं घर सतराव्या मजल्यावर. पूर्वी चौकात उभं राहून हाक मारल्याशिवाय रेखा जिना चढायची नाही. "मावशीऽऽ, आले गं!" ती हाक ऐकली की मावशी गॅलरीत येऊन हात हलवायची आणि मगच भाकरीसाठी तवा ठेवायची. गरम भाकरी मिळायला हवी ना पोरीला.

टॉवरखाली रेखाने सवयीने मान वर केली, तोंड उघडलं, वॉचमनकडे पाहिलं आणि मिटलं. आम्ही लिफ्टने गेलो.

मावशी खुर्चीत बसली होती. दुपार केव्हाच कलली होती. रेखा तिच्या पायाशी बसली. "मावशी, मी रेखा."

मावशीने तिला निरखून पाहिलं आणि हसून म्हणाली, "नाही हो बाई. आमची रेखा खालून हाक मारल्याशिवाय वर येत नाही."

वैशाली समजावायला लागली, तेवढ्यात रेखा उठलीच. चपला न घालता लिफ्टकडे धावली.

आम्ही मावशीला धरून खिडकीशी नेलं. काच जेमतेम वीतभर सरकत होती. खाली कार पार्किंगमध्ये रेखा दिसली, एवढीशी. दोन्ही हात तोंडाशी धरून ती वर बघत होती. वॉचमन तिच्याकडे धावला, आणि जवळ जाऊन नुसताच उभा राहिला. वर आम्हाला ऐकू येत होता फक्त पुलावरचा ट्रॅफिक. मी बोटाने दाखवत होते, पण तेवढं लांबचं मावशीला दिसत नव्हतं.

तरी ती बराच वेळ कान देऊन उभी राहिली. मग सुनेला म्हणाली, "तवा ठेवू नकोस गं. आज काही पोर आली नाही."