रामा की लक्ष्मण? बेळगाव-निपाणीत पणजोबा शोधताना

पुंडलिकचा फोन आला तेव्हा मी कपडे वाळत घालत होते.

"आक्का, गावात दगुड बसवायलोय. पहिल्या महायुद्धाला गेलेल्यांची नावं कोरायची हाईत. दोन रांगा. परत आलेल्यांची एक आन् तिकडंच मेलेल्यांची एक. आपल्या पणजोबाचा काय कागूद हाय काय तुझ्याकडं?"

पुंडलिक माझा चुलतभाऊ. बेळगावात उद्यमबागेतल्या फाउंड्रीत काम करतो. आमचं मूळ गाव खानापूर तालुक्यात, लोंढ्याच्या अलीकडे, जंगलाच्या कडेला. मी नाशिकला वडिलांसोबत राहते. बाबांनी ऐंशी ओलांडली आहे आणि एका गोष्टीवर ते ठाम आहेत: त्यांचे आजोबा रामा सटुप्पा पलटणीत होते, इराकात बसऱ्याला लढले, सुखरूप परत आले आणि पुढे निपाणीच्या सरकारी कचेरीत पट्टेवाले झाले. स्वातंत्र्याच्या जरा आधी ते वारले. पुरावा म्हणून बाबांकडे एक पदक आहे. त्याच्या कडेवर इंग्रजीत बारीक अक्षरांत 'रामा' कोरलंय.

"परत आलेल्यांच्या रांगेत लिहा म्हणावं," बाबा म्हणाले. पण गावच्या कमिटीला कागद हवा होता. बेळगावात जुन्या सैनिकांची कार्डं बघायला मिळतात असं पुंडलिकने कुठूनतरी ऐकलं होतं. चार दिवसांची रजा टाकली आणि निघाले.

नाशिकहून कोल्हापूरपर्यंत स्लीपर आणि पुढे बेळगावची एसटी. वाटेत निपाणी लागते, पण मी गाढ झोपेत होते. उतरले तेव्हा चांगली थंडी होती. पुंडलिक मोटरसायकल घेऊन उभा. आधी त्याच्या घरी अंघोळ, वहिनीच्या हातचे पोहे, मग छावणीकडे. त्या भागात मोठी झाडं, पांढरे चुन्याचे दगड लावलेले रस्ते आणि अचानक शांतता. ज्या कार्यालयात गेलो त्याचं नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांनीच हसत हसत सांगितलं, ब्लॉगवर टाकू नका, गर्दी होईल. तुम्हाला जायचं असेल तर एवढं करा: ओळखपत्राच्या प्रती, नातं सांगणारा अर्ज आणि आधी फोन करून घेतलेली वेळ. आणि हो, नावाची जितकी इंग्रजी स्पेलिंगं सुचतील तितकी लिहून न्या. आमच्या गावाचं नाव मला तिथे तीन तऱ्हांनी लिहिलेलं सापडलं.

कार्डं लाकडी खणांत असतात. पोस्टकार्डाहून थोडी मोठी, पिवळी पडलेली. खालच्या बाजूला भोक आणि त्यातून आरपार लोखंडी सळई, म्हणजे कुणी कार्ड काढून नेऊ नये. तिथल्या क्लार्कबाई कानडी. खण ओढायच्या, बोटं भरभर चालवायच्या आणि "सिगलिल्ल" म्हणत मान हलवायच्या. सापडलं नाही. पुढचा खण. सिगलिल्ल. पुंडलिक कंटाळून चहाला गेला आणि तेवढ्यात बाई थांबल्या.

"सटुप्पा आहे बघा. रामा सटुप्पा. तुमचंच गाव काय?"

गाव आमचंच होतं. तालुका खानापूर. जवळचा नातेवाईक या रकान्यात 'भाऊ लक्ष्मण'. सगळं जुळत होतं. मी आनंदाने खालची ओळ वाचली आणि मला वाटलं माझंच इंग्रजी चुकतंय. मृत्यू: मेसोपोटेमिया.

"बाई, हे परत आले होते," मी म्हणाले.

"कार्डात तसं नाही," त्या म्हणाल्या. मग माझा चेहरा बघून हळू आवाजात, "दुसरा कोणी रामा असेल. एका गावात पाच रामा असतात."

आम्ही पुन्हा शोधलं. खानापूर तालुक्यातले रामा पुष्कळ निघाले, पण सटुप्पाचा मुलगा आणि आमच्या गावचा तो एकच. चहा घेऊन आलेल्या पुंडलिकला मी कार्ड दाखवलं. त्याने वाचलं, डोकं खाजवलं आणि विचारलं, "हे मेलंय तर मग आपुन कुणाची प्वारं?"

दुपारी एका खानावळीत जेवलो. भाकरी, झुणका आणि शेवटी पुंडलिकच्या आग्रहाने बेळगावची मिठाई, कुंदा. कुंदा सुंदर होता असं आठवतं, पण लक्ष सगळं त्या ओळीवर. पणजोबा तिथे मेले असतील, तर माझे आजोबा कसे जन्मले? ते तर युद्ध संपल्यानंतरचे. पुंडलिकला एक वाट सुचली. रामा मेला असेल आणि पणजीने धाकट्या दिराशी पाट लावला असेल. आमच्याकडे तेव्हा होत असे. म्हणजे आम्ही लक्ष्मणाचे. पण मग घरात सगळे त्याला रामा का म्हणत होते? वडिलांच्या तोंडी लक्ष्मण हे नाव मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जुन्या सरकारी नोकरांची कार्डं बघायला गेलो. हे दप्तर वेगळ्या ठिकाणी आहे आणि तिथे पोचायला रिक्षा बरी, पार्किंगला जागा नाही. इथली कार्डं जास्त बोलकी. नोकर कोण, कुठल्या कचेरीत, कुठे राहतो, बायकोचं नाव, कोणाच्या शिफारशीने लागला. निपाणीचे पट्टेवाले काढले. रामा सटुप्पा नव्हताच. होता तो लक्ष्मण सटुप्पा. गाव आमचं. बायको तुळसा. तुळसा माझी पणजी. शेऱ्यात लिहिलं होतं: 'युद्धात मयत शिपायाचा भाऊ, म्हणून नेमणूक.'

"बघ, म्हणालो न्हवं?" पुंडलिक म्हणाला. "पाटच. आपुन लक्ष्मणाचे."

सोपं वाटलं. संध्याकाळी बाबांना फोन केला आणि जमेल तितक्या हळुवारपणे सांगितलं.  ते म्हणाले, "माझ्या आजीला मी पाहिलंय. मी शाळेत असताना ती वारली. दर दसऱ्याला ती पदकाला हळदकुंकू लावून रडायची. आम्हाला सांगायची, हे रामाचं. आणि आजोबांच्या तसबिरीखालीसुद्धा रामाच लिहिलंय, तिनेच लिहून घेतलंय. बाई मेलेल्या नवऱ्याचं नाव दुसऱ्या नवऱ्याच्या तसबिरीखाली घालेल का?" आणि फोन ठेवला.

ते रागावले होते. आणि त्यांचं म्हणणं मला खोडता येईना.

तिसऱ्या दिवशी निपाणी. कार्डावर पत्ता म्हणून एका तंबाखू व्यापाऱ्याचं आडनाव आणि पेठ होती. बेळगावहून दुपारची बस पकडली. हमरस्ता गुळगुळीत आहे. संकेश्वर मागे पडलं की थोड्या वेळाने तवंदीचा घाट, आणि घाट उतरला की निपाणी. बसमध्ये दोन बायका एक वाक्य मराठीत आणि पुढचं कानडीत बोलत होत्या, मध्ये न अडखळता. स्टँडवर उतरून चहा घेतला. आडनाव विचारल्यावर चहावाल्याने एकदम हात केला: "वखारीच्या मागं नवी इमारत हाय बघा, ग्रिलची."

वखार अजून आहे. आत शिरताच तंबाखूच्या वासाने शिंका सुरू झाल्या. मालक चाळिशीतले जैन गृहस्थ, आम्ही कशासाठी आलो ते ऐकून गोंधळले. "आमच्या पणजोबांच्या वेळी मागच्या खोल्या भाड्यानं असायच्या खरं. पण शिपाई वगैरे मला ठाऊक न्हाई. आमच्या अव्वाला विचारा." अव्वा म्हणजे त्यांची आजी, नव्वदीच्या पुढच्या; माहेरही याच पेठेतलं. मालकांनी आम्हाला पहिल्या मजल्यावर नेलं. अव्वा टीव्हीवर कानडी मालिका बघत होत्या. नातवाने आवाज बंद केला तेव्हा त्यांना ते आवडलं नाही.

"कचेरीचा लक्षूमामा व्हय?" त्या म्हणाल्या. "वळखते की. मी ल्हान असताना मागच्या खोलीत ऱ्हायचं त्येंचं बिऱ्हाड. लई गप मानूस. तुळसाबाई मातूर बोलकी."

मी विचारलं, त्यांच्या आधीच्या नवऱ्याबद्दल काही ऐकलं होतं का? लढाईत मेलेल्या?

"आधीचा?" अव्वांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच वेडी ठरले. "कसला आधीचा? तिचा नवरा एकच."

मी कार्डांचे फोटो दाखवले, सगळं समजावलं. त्यांनी मोबाइल बाजूला सारला. मग जरा वेळाने स्वतःशीच हसल्या.

"एक आठवतंय बघ. शेजारी संक्रांतीचं हळदीकुंकू हुतं. आमी पोरी सगळ्या बायकांस्नी नाव घ्या, नाव घ्या म्हणून सतावायलो हुतो. तुळसाबाईनं घेतलं. वळी इसरले मी. पर शेवटाला रामा आलं. आमी पोरी फिदीफिदी हसाय लागलो. अगं मामी, मामाचं नाव लक्षिमन न्हवं का? तशी ती बाई पांढरीफट्ट पडली आन् वाण टाकून घरला गेली."

"मग मेलेल्या नवऱ्याचंच नाव तोंडात आलं असेल," पुंडलिक म्हणाला.

"तुझं डोस्कं फिरलंय काय रं?" अव्वा एकदम चिडल्या. "हळदीकुंकवात मेलेल्याचं नाव कोन बाई घेईल? जित्त्या नवऱ्याचं घेतंय की. तिच्या नवऱ्याचं खरं नावच रामा हुतं."

 खालून वखारीत पोती टाकल्याचा आवाज येत होता. अव्वांनी नातवाला पाणी आणायला सांगितलं आणि तो गेल्यावर पुढे सरकल्या.

"माझ्या आईनं त्या दिशी मला धपाटा घातला. का त्ये सांगितलं न्हाय. माझं लगीन ठरल्यावर सांगितलं. तुळसाबाई तिच्याजवळ रडलेली. पलटणीसाठी नाव रामाचं लिहून नेलतं. त्येचं नुकतंच लगीन झालेलं. गेला धाकटा, लक्षिमन. भावाच्या नावावर. तुळसाबाई म्हनायची, दीर गेला आन् नाव बी घिऊन गेला."

मग पुढचं मलाच कळलं. कागदावर रामा बसऱ्याकडे मेला होता. गावात जिवंत राहिलेल्या रामाला सरकारदरबारी तोंड दाखवायला एकच नाव उरलं होतं. मेलेल्या शिपायाचा भाऊ म्हणून त्याला निपाणीत नोकरी मिळाली आणि जन्मभर कचेरीत कुणी 'लक्ष्मण' अशी हाक मारली की त्याला ओ द्यावी लागली. घरी बायकोने त्याचं नाव सांभाळलं. आणि बसऱ्याहून परत आलेले पणजोबा बसऱ्याला कधी गेलेच नव्हते.

"पण धाकटा स्वतः गेला, की याने त्याला पाठवलं?" मी विचारलं.

"त्ये कसं ठावं असनार गं मला," अव्वा म्हणाल्या. "आता जेवून जावा. अंधार पडायच्या आत आमचं असतंय."

जेवण साधं आणि फार चवदार होतं. ज्वारीची भाकरी, दोडक्याची भाजी, आमटी, घट्ट दही. अव्वा मालिकेकडे परतल्या. 

परतीच्या बसमध्ये पुंडलिक आणि मी भांडलो. त्याचं म्हणणं, कार्डावर रामा मेला असं स्पष्ट आहे, कमिटीला कागद हवाय, तर मेलेल्यांत 'रामा' कोरून मोकळं व्हावं. "म्हातारीचं बोलनं कोन मानतंय आक्का? नव्वद वर्साची हाय ती."

"मग लक्ष्मणाचं नाव कुठेच येणार नाही."

"त्येचं नाव निपाणीच्या कार्डात हाय की!"

"ते त्याचं नाही ना रे!" मी इतक्या जोरात म्हणाले की पुढच्या सीटवरच्या बाईने वळून पाहिलं.  तवंदीच्या घाटात पुंडलिक म्हणाला, "मला काय बी कळंना झालंय." मला तरी कुठे कळत होतं? अव्वा चुकत नसतील कशावरून? आठवण ऐंशी वर्षांपूर्वीची, तीही आईकडून ऐकलेली. दोन सरकारी कार्डं एकीकडे आणि अर्धा विसरलेला एक उखाणा दुसरीकडे. तरी माझा विश्वास उखाण्यावर बसत होता आणि त्याची मला लाजही वाटत होती.

नाशिकला पोचले. बाबांनी दार उघडलं आणि प्रवास कसा झाला एवढंच विचारलं. मी चहा केला आणि सगळं सांगितलं.  पुढचे दोन दिवस पदकाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. आपण हे उकरायला नको होतं असं मला वाटायला लागलं. एका म्हाताऱ्या माणसाकडून त्याचा शूर आजोबा काढून घेऊन मी त्याला काय दिलं होतं?

मग एका सकाळी त्यांनी स्वतः पुंडलिकला फोन लावला. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. इतक्या वर्षांत न ऐकलेली गावाकडची बोली त्यांच्या तोंडून येत होती.

"मेलेल्यांच्या रांगेत लक्ष्मण सटुप्पा लिव्ह. कागूद? कागदावर रामा हाय त्ये मला ठाऊक हाय. खाली बारीक लिव्ह, पलटणीत रामा या नावानं. कमिटीला सांग, घरातला थोरला म्हनून मी सांगतोय. आन् आजोबाचं नाव परत आलेल्यांत नगं. त्ये गेलेच न्हवते."

दगड आता बसला आहे. पुंडलिकने फोटो पाठवला. कमिटीने कुरकुर केली, पण कोरलं. खानापूरकडे गेलात तर रेल्वे फाटकापासून आत वळा, कुणीही दाखवेल.

या शोधात माझ्या हाती काय लागलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. पणजोबांचा राग येतो आणि कीवही येते. आपण ज्याच्यामुळे जन्मलो त्या माणसाने घरी राहून चूक केली असं म्हणायला जीभ रेटत नाही. आणि धाकट्याला विचारलं होतं का, हे कुठल्याही खणात सापडणार नाही.

काल संध्याकाळी बाबा माझ्या मोबाइलवर छावणीतल्या कार्डाचा फोटो मोठा करून बघत बसले होते. मी जवळ जाऊन बसले.

"वय अठरा लिहिलंय," ते म्हणाले.

"हो."

"ते रामाचं वय. नाव त्याचं दिलं म्हणजे वयही त्याचंच दिलं असणार." त्यांनी चष्मा काढून पुसला. "हा तर धाकटा. मग याचं किती असेल गं?"

"माहीत नाही, बाबा," मी म्हणाले.