गंजीपुढचा झेंडू

ती घटना आठवायला बसलो की आधी धुकं आठवतं. मी तेव्हा भोर-वेल्हे भागात नेमणुकीला होतो. आश्विनात पाऊस निघून जातो, भात पिवळं पडू लागतं आणि सकाळी दरीतून धुकं असं वर चढतं, की रस्त्यानं येणारा माणूस आधी ऐकू येतो आणि मग दिसतो. पोलिसाला स्वप्नं पडायला सवड नसते. पण त्या आठवड्यात जागेपणीच स्वप्नात हिंडतोय असं मला सारखं वाटत होतं.

खबर आली विंझरच्या पुढच्या एका वाडीच्या पोलीस पाटलांकडून, मोबाईलवर. "साहेब, डोंगराच्या अंगाला बार झालं. डुकराची बंदूक न्हाई वाटत. थांबतच नव्हतं."

पिकाच्या राखणीसाठी परवान्याची एकनळी बंदूक या भागात कुणाकुणाकडे असते. तिचा एक बार होतो, मग ती पुन्हा भरावी लागते. न थांबता वाजणारं हत्यार घरात असायला इथं काय लढाई चालली होती? स्टेशन डायरीला नोंद करून आम्ही निघालो. गुडघाभर गवतात सोनकी फुललेली, वर धुकं, पाखरांचे आवाज. दोन घटका नुसतं बसून राहावं अशी ती जागा, आणि तिथंच एका ठिकाणी उडालेल्या काडतुसांच्या पुंगळ्यांचा सडा पडलेला. पंचांसमक्ष जप्त केल्या.

वाडीत विचारपूस केली, तेव्हा एकाच घराचं नाव पुढे आलं; तिथं दोन सख्खे भाऊ होते. थोरला शेती बघायचा. धाकटा पुण्यात एका बड्या असामीच्या गाडीवर होता; नावाला ड्रायव्हर, खरं काम लोकांना डोळे वटारून दाखवायचं. दोघांत शेताच्या बांधावरून धुसफूस. त्या बांधावरून शेळीसुद्धा जपून चालेल एवढीच त्याची रुंदी, पण भाऊबंदकीला तेवढी पुरते. धाकटा पारावर चारचौघांत बोलून गेला होता, "दसरा होऊ द्या, मग दादाला दावतो." दसरा तर तोंडावर आला होता. हत्यार त्याआधी हाती लागलं नाही, तर त्या घरातला एक जीव जाणार होता. माझी झोप उडाली होती.

घराची झडती घेतली. माळा, कणग्या, गोठा, न्हाणी, सगळं पालथं घातलं, पण काही मिळालं नाही. आई दारात पदर धरून उभी होती. तिला विचारलं तर म्हणाली, "मला काय ठावं न्हाई." इतक्या पटकन म्हणाली, की मला खटकलं. माझ्या अनुभवानं सांगतो, ज्याला खरंच ठाऊक नसतं तो आधी विचारतो, काय झालं म्हणून.

धाकट्याला चौकशीला बोलावून घेतलं. गडी मोठा चिवट. "फटाकं वाजवलं, साहेब." पुंगळ्या पुढे ठेवल्या. "आमच्या न्हाईत." चहा दिला, दमात घेतलं, गोडीनं विचारलं. पठ्ठ्या जागचा हलेना.

खंडेनवमीला सकाळी तो पुन्हा ठाण्यात हजर होता. त्या दिवशी ठाण्यात शस्त्रांची पूजा असते. शस्त्रागारातल्या रायफली पुसून मांडल्या होत्या, आमच्या महिला हवालदार त्यांना हळदकुंकू लावत होत्या, झेंडूच्या माळा, उदबत्ती, नारळ. आरतीला हा बाकावरून उठला आणि त्यानं हात जोडले. संशयित आणि पोलीस एका रांगेत उभे! मी त्याला सहज विचारलं, "तुमच्यात पूजा कोण करतं रे?"

"आईच करती. कोयता, इळा, नांगर, समद्यास्नी. हत्यार पूजेबिगर ऱ्हायलं तर धन्यावर उलटतं म्हणती ती."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आरती झाल्या झाल्या मी जीप काढायला लावली.

वाडी धुक्यात बुडालेली होती. ओसरीवर पाट मांडला होता. विळे, कोयते, कुदळ, नांगराचा फाळ, शिलाई मशीनसुद्धा फुलं लेवून बसलं होतं. आई म्हणाली, "या, परसाद घ्या." प्रसाद घेतला आणि घराला वळसा घालून परसात गेलो. तिथं पेंढ्याची गंजी होती. गंजीच्या बुडाशी चार झेंडू, कुंकवाची चिमूट आणि अजून धुमसणारी उदबत्ती. पेंढ्याला कुणी ओवाळतं का, तुम्हीच सांगा.

पंच बोलावले, पेंढा उतरवला. आत गोणपाटात ते निघालं. सैन्याच्या हातात असतं तसलं स्वयंचलित हत्यार, मॅगझिन लावलेलं. ते पुन्हा भरून ठेवलेलं होतं.

आई मटकन खाली बसली. "म्या त्येला हात जोडलं, साहेब. म्हणलं, माज्या दोन्ही लेकरांवर उलटू नगंस. एक मारंल आन् एक फासावर जाईल, मी कुणासाठी रडू?"

तिला मी पाणी दिलं.

मुद्देमाल सीलबंद झाला, आर्म्स ॲक्टखाली गुन्हा दाखल होऊन धाकट्याला अटक झाली. ते आलं कुठून, याचा तपास पुण्यापर्यंत गेला. आईनं लावलेल्या फुलांचं सांगितलं तेव्हा धाकट्याचा ताठा गळून पडला. म्हणाला, "डोंगरात नुसतं वाजवून बघितलं, साहेब. बोट दाबल्यालं आठवतंय. नगं म्हणूस्तवर समदं संपलं व्हतं."

नोकरीभर मी रागावलेली माणसं पाहिली. कोयता उगारलेला हात बायको धरते, शेजारी धरतो. एकनळीचा बार चुकला तर पुन्हा भरेपर्यंत माणूस भानावर येऊ शकतो. राग ओसरायला लागणारा तेवढासा वेळ हे स्वयंचलित हत्यार देतच नाही. आपल्याकडे त्यावर बंदी आहे. केंद्राच्या खास परवानगीनं मात्र एखाद्याला ते मिळू शकतं, आणि हल्ली शिकलेली माणसंही मला म्हणतात, साहेब, संरक्षणासाठी चांगलं आधुनिक काही द्यायला काय हरकत आहे? माझी हरकत आहे. ही बंदी देशभर कडक हवी, आणि खासगी माणसाला खास परवानगीची फटसुद्धा नको, मग तो कितीही बडा असो. फौजेचं हत्यार फौजेकडेच राहू द्या.

काही महिन्यांनी धाकट्याला कोर्टातून जामीन मिळाला. जामीनदार म्हणून उभा राहिला थोरला. मी त्या दिवशी कोर्टातच होतो. सही करून बाहेर आला तेव्हा मी त्याला विचारलं, "बांधाचं काय ठरलं?"

"भांडण हाय की अजून," तो म्हणाला. "पर साहेब, ह्यानं मला उडवला असता, तर आज ह्येला जामीन कोण ऱ्हायला असता?"

मग त्यानं गाडीला किक मारली. धाकटा मान खाली घालून मागे बसला, आणि बांधावरून अजून भांडत असलेले ते दोघे भाऊ आईकडे जेवायला गेले.