मला सोडून सगळ्या जगाला

माझ्या विहीणबाईंइतकी देवाच्या मागे लागलेली बाई उभ्या ठाणे जिल्ह्यात सापडणार नाही, आणि त्या देवाला मानत नाहीत. मी मानते. कळायला लागल्यापासून मानते, उपास करते, तापात सुद्धा आंघोळ करून दिवा लावते. पण देवळात मान मिळतो तो त्यांना. विहीणबाई म्हणजे माझ्या सुनेची आई. ठाण्याच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवायच्या. आता निवृत्त होऊन घोडबंदर रोडला एका उंच इमारतीत राहतात, खाली गाड्या अडकलेल्या बघत चहा पितात. समाजशास्त्र म्हणजे काय ते मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. आता कळलंय. लोक जे करतात ते का करतात, हे त्यांनाच विचारायचं, त्यांनीच सांगितलेलं त्यांनाच भाषणात ऐकवायचं आणि वर शाल-श्रीफळ घ्यायचं.

त्यांचा जन्माचा विषय एकच. विज्ञान शिकलेला माणूस देवाचं काय करतो? रक्त तपासायच्या मशीनला हळदकुंकू कोण लावतं, कंप्युटरवाली मुलं अमावस्येला नवीन काम सुरू करतात का, भौतिकशास्त्राचे मास्तर उत्तरेकडे डोकं करून झोपतात का. हे त्या तोंडावर विचारतात, आणि नवल म्हणजे लोक सांगतात. मी कोणाला विचारलं तर म्हणतील, आजी, तुम्हाला काय करायचंय? त्यांना खुर्ची देतात. त्यांच्या साड्या कडक इस्त्रीच्या असतात, चष्म्याला दोरी असते, आणि समोरचा बोलत असताना त्या मान अशी तिरकी करतात की त्याला वाटावं, आपण काहीतरी फार मोठं बोललो. मी आरशासमोर तशी मान करून पाहिली. मान आखडली.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे. "पुस्तकात विज्ञान आणि धर्म भांडतात, घरात ते एकाच खणात राहतात." नातीने शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत ते म्हटलं आणि कप आणला. आता माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या वर्षानुवर्षं देव्हाऱ्याच्या खणात आहेत, उदबत्तीच्या पुड्याशेजारी. रोज सकाळी खण मी उघडते, गोळी मी घेते, उदबत्ती मी लावते. आणि कप घेताना पोरीने नाव घेतलं ठाण्याच्या आजीचं! मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. जोरात वाजवल्या, हात दुखले.

आमच्या इमारतीला नवीन लिफ्ट बसली तेव्हा सोसायटीने लिफ्टच्या दारात सत्यनारायण घातला. विहीणबाई शीळफाट्याच्या गर्दीतून रिक्षाने धडपडत आल्या. पूजा चालू असताना लिफ्टवाल्या मेकॅनिकला कोपऱ्यात गाठलं. "दादा, तुम्ही टेस्टिंग केलंत ना? मग नारळ कशाला?" तो म्हणाला, "मॅडम, टेस्टिंग लिफ्टचं. नारळ बसणाऱ्यांसाठी." त्या इतक्या खूश झाल्या की त्याला दोनदा प्रसाद दिला. प्रसादाचा शिरा मी केला होता. सव्वा किलोच्या मापाने, पहाटे उठून. तो का केला, कोणासाठी केला, हे मला विचारावं असं काही त्यांच्या मनात आलं नाही. मला त्या मेकॅनिकचा हेवा वाटला. या वयात, लिफ्टवाल्याचा.

टिटवाळ्याला तर कहरच झाला. अंगारकीला मी निघाले तर या म्हणाल्या, "मी पण येते हो, विहीणबाई. रांगेत लोक छान बोलतात." रांगेत आमच्या पुढे एक सर्जन निघाला. मग काय! ऑपरेशनच्या आधी कोणता देव आठवता, नंतर आठवता का, पेशंट दगावला तर देवावर रागावता का. तो बिचारा मन मोकळं करत गेला, मागचे-पुढचे ऐकत राहिले. गाभाऱ्यापाशी पोचलो तर मला कोणीतरी खांद्याला धरून पुढे ढकललं, "चला मावशी, चला." या हात न जोडता शांत उभ्या. पुजाऱ्याला वाटलं कोणी मोठ्या बाई आल्यात, त्याने देवाच्या गळ्यातला हार काढून यांच्या हातात दिला. किती वर्षं जातेय मी तिथे! हाराचं फूल कधी मिळालं नाही. परतीच्या वाटेवर त्यांनी हार मला दिला, "तुम्हाला उपयोग होईल." उपयोग! जसा काही भाजीचा पाला.

मी उत्तरं तयार ठेवली होती. कधीतरी विचारतील म्हणून. वटपौर्णिमा एकही चुकवली नाही, तरी नवरा गेला. मग पुढे देवाचं का करत राहिलात, असं कोणी विचारलं तर काय सांगायचं ते मला माहीत होतं. कांदा चिरताना मनात म्हणून बघायची. एकदा मुद्दाम विषय काढला, "मी सोमवार कधी सोडला नाही हो, बाळंतपणात सुद्धा." त्या म्हणाल्या, "हो का? जपा तब्येतीला." आणि तेवढ्यात गॅसवाला आला, तर त्याला विचारायला लागल्या की सिलिंडर पोचवायच्या टेंपोत देवाचा फोटो कोणता आहे.

मग गेल्या वर्षी सुनेच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन ठाण्यात झालं, गाठ तपासायला गेली, रिपोर्ट यायला वेळ होता. मुलगा हॉस्पिटलात, तिथे एकालाच राहू देत, इकडे नातीची परीक्षा, म्हणून विहीणबाई आमच्याकडे राहायला आल्या. त्यांनी त्या आजाराबद्दल सगळं वाचलं होतं. ओळखीच्या डॉक्टरांना फोन करायच्या, शंभरातल्या किती बायका बऱ्या होतात ते मला सांगायच्या, आणि सांगताना कपातला चहा बशीत सांडायचा. मी माझा पितळेचा गणपती पाण्यात ठेवला होता. मागणं पुरं होईपर्यंत देवाला पाण्यात बुडवून ठेवायची आमच्यात रीत आहे. ओट्याच्या कोपऱ्यात पातेलं होतं. सकाळी विहीणबाई त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मी म्हटलं, आता विचारणार. आणि मेलं मला एकही उत्तर आठवेना.

त्यांनी विचारलं, "पाणी बदलावं लागतं का हो?"

"रोज."

"आज मी बदलू?"

"तुम्ही मानत नाही ना?"

"नाही. काल रात्री प्रयत्न केला. जमत नाही मला."

मग माझ्याने राहवलं नाही. म्हटलं, "लिफ्टवाल्याला विचारलंत, सर्जनला विचारलंत, गॅसवाला सोडला नाहीत. मीच काय घोडं मारलं होतं तुमचं?"

त्या खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "अहो, माझी मुलगी तुमच्या घरात नांदते. देवावरून मी काही विचारणार, तुम्हाला लागणार, आणि ऐकून घ्यायला लागणार तिला. लग्न ठरलं तेव्हाच मी ठरवलं, या घरात तोंड बंद."

मी तिला कधी एका शब्दाने बोलले नसते, असं सांगणार होते. पण मी कशी आहे ते मला माहीत आहे. बोलले असते. म्हणून मी पातेलं त्यांच्यापुढे सरकवलं. एवढी शिकलेली बाई, जगाला प्रश्न विचारणारी, आणि इतकी वर्षं मला घाबरून राहिली होती. मला जरा बरं वाटलं, हे खोटं का बोलू? आणि मग बरं वाटलं नाही.

रिपोर्ट चांगला आला. सूनबाई घरी आली, आतल्या खोलीत निजली. नात अजूनही सुट्टी लागली की ठाण्याला पळते, आणि माझ्या पोटात अजूनही दुखतं. सूनबाई आली त्या दिवशी गणपतीला पाण्यातून काढायचं म्हटल्यावर विहीणबाई म्हणाल्या, "मी काढते." त्यांनी त्याला स्वतःच्या कडक इस्त्रीच्या पदराने पुसलं, लहान मुलाचे कान पुसावेत तसं, कानाकोपऱ्यातून. मग देव्हाऱ्यात ठेवला, तो भिंतीकडे तोंड करून. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. हात जोडले नाहीत, नुसत्या बघत उभ्या राहिल्या, आणि मग लेकीजवळ जाऊन बसल्या.

मी देव सरळ करायला हात पुढे केला होता. पण म्हटलं, असू दे संध्याकाळच्या दिव्यापर्यंत.