उल्काची दुसरी मुलाखत

उल्का सिंगापुरातल्या आमच्या क्लेमेंटीच्या फ्लॅटमध्ये एक खोली भाड्याने घेऊन राहते. मिरजेची मुलगी, इथल्या एका मोठ्या हॉस्पिटलात नर्स. मला लिहायची सवय नाही, पण तिच्याबद्दल लिहावंसं वाटलं.

मार्चमध्ये तिच्या रात्रपाळीत एक आजी बाथरूमकडे जाताना पडल्या. उल्का तेव्हा दुसऱ्या पेशंटपाशी होती. आजी बऱ्या झाल्या, तिला कोणी बोललंही नाही. पण तेव्हापासून कुठल्याही पेशंटची बेल वाजली की ती हातातलं काम टाकून धावत सुटायची. राजीनामा द्यायचं मनात पक्कं होत चाललं होतं. आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. आईचा तिच्या परदेशी येण्यालाच विरोध होता.

त्याच सुमारास, नर्स नोकरी का सोडतात हे शोधायला हॉस्पिटलने बाहेरचे सल्लागार नेमले. प्रत्येकीला आपल्या भाषेत मोकळं बोलता यावं म्हणून त्यांनी उल्कासमोर निहार नावाचा मराठी मुलगा बसवला. भला मुलगा. सुरुवात म्हणून त्याने गाव विचारलं, तर त्याची मावशी निघाली मिरजेचीच, उल्काच्या शाळेत शिकवणारी. मग उल्काने सगळं छान चाललंय असंच सांगितलं.

घरी आल्यावर तिने मला हे सांगितलं. मी म्हटलं, आपला माणूस मिळाला होता, सांगून टाकायचंस.

"आपला होता म्हणूनच तर, काका. आठवड्याच्या आत आईच्या कानावर जाईल, की पोरीच्या पाळीत म्हातारी पडली."

मग दुसरं कोणी माग, एवढंच मला सुचलं. त्याला वाईट वाटेल म्हणून ती दोन दिवस फोन करायला कचरत होती. शेवटी केला. निहार हसला.

"ताई, मावशीला मी फोनच करत नाही, ती लग्नाचं विचारते. पण हरकत नाही, माझ्या जागी मिस टॅन येतील."

त्या अनोळखी बाईंसमोर उल्का तासभर बोलली आणि रडलीही, म्हणे इंग्रजीतच.

पुढे तिच्या वॉर्डात रात्री एक नर्स वाढवली, आणि तिला काही आठवडे दिवसपाळी दिली. इतर वॉर्डांचं मला माहीत नाही. सोमवारपासून तिची रात्रपाळी पुन्हा सुरू होतेय. जोडीला कोणी असताना कसं वाटतं ते बघते, मग राजीनाम्याचं ठरवते, असं ती म्हणते. मी राहा म्हणत नाही, आणि जा असंही म्हणत नाही.