पेशींच्या खोलीतल्या मावशी

बाटली उचलण्याआधी मावशी दोन्ही हात काखेत घालून क्षणभर उभ्या राहायच्या. हात गरम करायला. हातांवर दोन-दोन मोजे असायचे, त्यातून ऊब बाटलीपर्यंत काय पोचणार? मी तसं एकदा म्हटलंही. तर म्हणाल्या, "त्यांना न्हाई पोचत, पर मला बरं वाटतं. दमानं, म्याडम. जीव हाय त्यात."

कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत आमची कंपनी. तुम्ही सोलापूर रस्त्यानं गेला असाल तर उजवीकडं-डावीकडं चिमण्या आणि टाक्या पाहिल्या असतील. त्यातल्याच एका इमारतीत, तीन दारं ओलांडल्यावर, आमची पेशींची खोली होती. उबदार कपाटात आडव्या ठेवलेल्या चपट्या प्लास्टिकच्या बाटल्या, आत गुलाबी पाणी, आणि तळाला डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशींचा थर. त्या पेशींमध्ये आम्ही विषाणू वाढवायचो. विषाणूच्या पोटातलं रोगाचं सामान काढून टाकायचं, तिथं आपल्याला हवं ते जनुक ठेवायचं, आणि तो विषाणू लस म्हणून किंवा औषध म्हणून माणसाच्या अंगात सोडायचा.

हे मी मावशींना समजावून सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हंजी चोराच्या हाती आहेर धाडायचा. घरात शिरायचं त्याला ठावं हाय, चोरायचं तेवढं तुमी विसरवलंय." पुढं नव्या मुलांना शिकवताना मी हेच वाक्य वापरत आले. त्यांचं आहे हे मात्र कधी सांगितलं नाही.

मावशी न्हावऱ्याच्या. घरी नवरा, थोडा ऊस, दोन गाई, कॉलेजात जाणारी धाकटी लेक. थोरली पाटसला दिलेली. आठवडाभर त्या कुरकुंभमध्ये खोली घेऊन राहायच्या आणि शनिवारी घरी जायच्या. कंपनीत आल्या त्या झाडलोट करायला. पण या पेशी तळाला सैलच चिकटलेल्या असतात, बाटलीला धक्का लागला की सुटून वर तरंगतात. आमच्या शिकल्यासवरलेल्या पोरांच्या हातून रोज दोन-तीन बाटल्या वाया जायच्या. एकदा माणूस कमी होता म्हणून साहेबांनी मावशींना बाटल्या हलवायला सांगितल्या. एकही पेशी सुटली नाही. महिन्याभरात त्या आत आल्या. दहावी पास होत्या, वाचता-लिहिता येत होतं. बाकीचं शिकल्या.

आत जाताना कुंकू, टिकली, बांगड्या काही चालत नाही. मावशी टिकली काढून लॉकरच्या दाराला चिकटवायच्या आणि बाहेर आल्यावर तीच परत लावायच्या. परदेशातून तपासणीला साहेब आले होते, त्यांनी विचारलं, "बाटली हातून पडली तर तुम्ही काय करता?" मावशी म्हणाल्या, "आधी रडायचं, मंग फॉर्म भरायचा." मी भाषांतर करताना फक्त फॉर्मचं सांगितलं.

करोनात आम्ही लसीच्या कामात होतो. न्हावऱ्यात लोक सुई घ्यायला भीत होते, कुणी म्हणे ताप येतो, कुणी म्हणे माणूस मरतो. मावशी रविवारी गावी गेल्या आणि देवळापुढं उभ्या राहून म्हणाल्या, "मी करती ती. माझ्याकडं बघा, मेली का मी?" दुसऱ्या दिवशी रांग लागली. ती लस आमच्याकडची होती की दुसऱ्या कुणाची, देव जाणे. पण मावशींनी ती आपली मानली, आणि मलाही ते खोडावंसं वाटलं नाही.

करोना ओसरल्यावर कंपनीनं नवं काम घेतलं. काही माणसांचं रक्त गोठत नाही, जन्मापासूनच. त्यांना जनुक पोचवणारा विषाणू बनवायचा होता. पेशी त्याच घराण्यातल्या. त्यासाठी पुण्याहून एक सर शिकवायला आले. पडद्यावर चित्रं दाखवता दाखवता ते सहज म्हणाले, "या सगळ्या पेशी एकाच मूळ नमुन्यातून आल्यात. पन्नासेक वर्षांपूर्वी, परदेशात, जन्माला न आलेल्या एका मुलीच्या मूत्रपिंडातून. तेव्हापासून त्या वाढतच आहेत."

मागच्या खुर्चीवरून मावशींचा आवाज आला. "मुलगी व्हती?"

"हो."

"किती म्हयन्याची?"

"ते नक्की नोंदलेलं नाही."

"पोट आपसूक पडलं, का पाडलं?"

सर जरा चाचरले. "त्याचेही कागद उरलेले नाहीत. पुढं जाऊ या?"

"आईला ठावं हाय का, तिची लेक अजून वाढती म्हणून?"

कुणीतरी हसलं. सरांनी पुढचं चित्र लावलं.

मला हे कॉलेजपासून माहीत होतं. परीक्षेत दोन मार्कांना यायचं. मी ते लिहून दोन मार्क मिळवलेले आहेत. मावशींच्या शेजारी इतकी वर्षं बसून त्यांना ते सांगावं असं मला एकदाही सुचलं नव्हतं.

त्या शनिवारी मी त्यांना नेहमीसारखी स्कूटरवर पाटसला सोडायला निघाले. थोरलीकडं चहा घेऊन त्या पुढं न्हावऱ्याला जायच्या. पाटसच्या थांब्यावर उतरल्या, पण लेकीच्या घराकडं वळल्या नाहीत. पदर सारखा करत म्हणाल्या, "मला दोन लेकी हायत ना? तीन व्हत्या. एक मधली."

मी गाडी बंद केली.

"थोरलीच्या पाठीवर. नणंद आन् सासू जीपमधून घेऊन गेल्या, लांब, कुठल्या तरी गावाला. तिथं मशिनीत बघितलं. मला सांगितलं, बाळ कमजोर हाय. मी बी म्हटलं, आसंल. साडेचार म्हयने झालं व्हतं." मग हाताचा अंगठा माझ्यापुढं धरला. "सही येत व्हती मला. तरी कागदावर अंगठा घेतला. आठ दिवसांनी कांद्याच्या रानात खुरपाय गेले. ती कशी व्हती बघितली न्हाई. कुठं टाकली, इचारलं न्हाई."

"मावशी, त्या पेशी तिच्या नाहीत."

"ठावं हाय मला. येडी न्हाई मी." त्या थोडं हसल्या. "पर ती बी कुणाची तरी मधलीच आसंल."

त्यानंतर मावशींनी काम सोडलं नाही, चुकाही केल्या नाहीत. फक्त कामाची पाळी संपल्यावर पाच-दहा मिनिटं त्या उबदार कपाटासमोर उभ्या राहायच्या. काचेतून बघायच्या. मी एकदा विचारलं, काय बघता? म्हणाल्या, "काय न्हाई. झोपल्यात." मला ते आवडेनासं झालं. खोलीत एकटं काम करताना मी मागं वळून बघायला लागले. कपाटाची मोटर सुरू झाली की दचकायचे. मी विज्ञानाची विद्यार्थिनी, आणि मला त्या गुलाबी पाण्यात कुणीतरी आहे असं वाटायला लागलं.

एका सकाळी बाटल्या गढूळ दिसल्या. बाहेरचा जंतू शिरला होता. चोवीस बाटल्या नष्ट करायच्या. उग्र वासाचं जंतुनाशक ओतायचं, थांबायचं, सही करायची. मी त्या पाळीची अधिकारी. मावशींना मी म्हटलं, "तुम्ही जेवून या. पोरं करतील."

"न्हाई. मी करती."

"मावशी, कशाला?"

"तवा मी डोळं मिटून पडले व्हते. आता उघडं ठिवती."

त्यांनी एकेक बाटली समोर घेतली. गुलाबी पाणी आधी जांभळं व्हायचं, मग त्याचा रंगच जायचा. प्रत्येक बाटलीचा रंग जाईपर्यंत त्या बघत राहिल्या आणि मगच पुढची उचलली. दोन तास लागले. शेवटी फॉर्मवर प्रत्येक बाटलीपुढं सगळे नुसती दोन अक्षरं खरडतात. मावशींनी स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव आणि आडनाव असं सगळं लिहिलं, चोवीस वेळा.

नंतर कधीतरी कंपनीच्या कार्यक्रमाला एक तरुण शिक्षक आला. शिरूरकडचा. लहानपणापासून गुडघ्यात रक्त साचायचं, चालता येत नसे. चाचणीत त्याला एकच इंजेक्शन दिलं होतं, त्यानंतर गुडघा सुजला नव्हता. तो व्यासपीठावर काठीशिवाय चढला आणि टाळ्या वाजल्या. मावशींनी त्याला जिन्यात गाठलं. "गुडघा दुखतो का हो आता?" तो म्हणाला, "न्हाई, मावशी." त्यांनी त्याच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली.

मग मला विचारलं, "तिचं काय जातं का त्याच्यात?"

मी खरं ते सांगितलं. पेशी फोडून आपण विषाणू काढून घेतो, धुऊन-गाळून स्वच्छ करतो. पेशींचं जवळपास काही उरत नाही.

"म्हंजी काम करून घ्यायचं, आन् नाव न्हाई," मावशी म्हणाल्या. रागानं नाही. आपल्या ओळखीच्या कुणाबद्दल बोलावं तशा.

त्यानंतरच्या एका बुधवारी कँटीनमध्ये त्यांना धाकटीचा फोन आला. पाटसच्या थोरलीला पहिली मुलगी होती, आणि तिला पुन्हा दिवस गेले होते. दुसऱ्या दिवशी सासरची माणसं तिला गाडीनं कुठंतरी नेणार होती, तपासायला. मावशी ताट तसंच ठेवून माझ्याकडं आल्या. "म्याडम, सुट्टी लावा."

"किती दिवस?"

"लावा तुमी."

मी त्यांना स्कूटरवर घेऊन निघाले. पाटसला त्या घराच्या अंगणात जीप उभी होती. विहीणबाई हसून पुढं आल्या, चहा टाकते म्हणाल्या. मावशी बसल्या नाहीत. "लेक न्यायला आले."

"अजून चौथाच तर लागलाय. सातव्यात न्या की."

"आत्ताच नेती."

जावई बाहेर आला. "मामी, उद्या दवाखान्यात जायचंय तिला."

"कुठल्या?"

"हाय एक."

"नाव सांगा ना, जावईबापू." मावशींनी माझ्याकडं बोट केलं. "ह्या आमच्या कंपनीत मोठ्या साहेब हायत. समद्याची नोंद ठिवत्यात. घ्या वं म्याडम लिहून."

माझ्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र होतं. मी खिशातून पेन काढलं आणि तळहातावर टेकवलं, कागद नव्हताच. जावयानं माझ्याकडं पाहिलं, पेनाकडं पाहिलं, आणि खाली मान घातली. दवाखान्याचं नाव त्यानं सांगितलं नाही.

थोडा वेळ गेला. मग थोरली बाहेर आली, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातानं पोरीला धरलेलं. आम्ही चौघी चालत थांब्यावर आलो, मी स्कूटर ढकलत. एसटी आली. मावशींनी आधी पोरीला वर चढवलं, मग लेकीला, आणि मग स्वतः चढल्या. मागं वळून बघितलं नाही.

त्या कंपनीत परत आल्या नाहीत. पंधरा दिवसांनी फोनवर म्हणाल्या, "औषध चांगलं हाय, म्याडम. मी न्हाई म्हणत न्हाई. त्या मास्तरचा गुडघा मी बघितलाय. पर मला आता न्हाई जमायचं."

थोरलीला मुलगी झाली. महिन्याभरानं मी न्हावऱ्याला गेले. मावशी ओट्यावर बसून बाळाला तेल चोळत होत्या. पाटसहून बायका कुणी आल्या नव्हत्या. जावई एकदा येऊन गेला होता. त्यानं बाळाकडं खूप वेळ बघितलं, चहा घेतला आणि निघाला.

"न्यायला परत येतो म्हणाला का?" मी विचारलं.

"तसं काय बोलला न्हाई. पर नको बी म्हणाला न्हाई."

बाळाला दुपट्यात गुंडाळून झालं. मी घ्यायला हात पुढं केले. मावशींनी बाळ द्यायला उचललं, आणि मध्येच थांबल्या.

"हात धुता का जरा?"

मी न्हाणीत जाऊन साबणानं हात धुतले. त्यांनी माझे हात हातात घेतले, नाकाजवळ नेले. मग पुन्हा धुवायला सांगितले. मी पुन्हा धुतले. त्यांनी पुन्हा हुंगले, आणि मान हलवली.

"अजून येतोय. तिथला वास, पेशींच्या खोलीतला." त्यांचा चेहरा कसनुसा झाला. "तुमचा दोष न्हाई, म्याडम. माझ्या बी हाताचा लई दिस गेला न्हाई. बसा, मी दाखवती."

त्या बाळाला छातीशी धरूनच माझ्यासमोर बसल्या आणि दुपट्याची कड बाजूला केली. मी पाहिलं. हात मांडीवर ठेवून पाहिलं. बाळाचे डोळे उघडे होते. चहा झाला, इकडचं तिकडचं बोलणं झालं, आणि मी निघाले.

दौंडला माझ्या घरी परतताना वाटेत रेल्वेचं फाटक लागलं. बंद होतं. पुढं उसाचा ट्रॅक्टर, मागं दुधाची गाडी. मी स्कूटर उभी केली आणि कुणी बघत नाही असं पाहून दोन्ही तळहात तोंडाजवळ नेले. नुसता साबणाचा वास येत होता. मी पुन्हा हुंगून पाहिले. मालगाडी येऊन गेली, फाटक उघडलं, मागचा दूधवाला हॉर्न वाजवू लागला, आणि तरीही माझे हात चेहऱ्यावरून निघेनात.