कंदुरीच्या पंगतीतला साहेब

परवा हिमायतनगरला एका कंदुरीला, पिराच्या नवसाच्या जेवणाला, गेलो. चुलीवरच्या मटणाचा वास नाकात शिरला. काकांची कंदुरी आठवली.

काका तिकडे तेलंगणात कोळशाच्या खाणीत होते. जमिनीखाली कोळसा काढताना मधेमधे कोळशाचेच जाड खांब सोडतात; छत त्यांच्यावरच उभं असतं. त्यांच्या साहेबानं माल वाढवायला ते खांबच तासायला लावले होते. छत सलामत राहावं म्हणून काकांनी दर्ग्यावर बकरं दिलं आणि साहेबालाही जेवायला बोलावलं. निवांत बोलता येईल, एवढीच आशा.

"साहेब, खांब लई बारीक झालेत. वरून कुरकुर आवाज येऊन राहिला. तासणं थांबवा."

साहेब नळी चोखत होता. तेलाचा ओघळ कोपरापर्यंत आलेला. "अरे, मग पिराला बकरं कशाला दिलं? आता छत त्यानं धरायचं!"

पंगत हसली. काकाही हसले. मीही त्या पंगतीत होतो; मला त्यांचीच चीड आली. आज कळतं, त्यांची नोकरी त्या तेलकट तोंडाच्या एका शब्दावर होती.

आठवड्याभरात छत बसलं. काका वाचले, दोन्ही पाय गेले. खाणीच्या कागदावर लिहिलं, नैसर्गिक आपत्ती. थू!

कंदुरीच्या त्या दिवशी जेवणं झाल्यावर काका स्वतः तांब्या घेऊन साहेबाच्या हातावर पाणी घालत होते. "तेवढं खांबाचं बघा, साहेब," ते पुन्हा म्हणाले. साहेबानं खळखळून चूळ भरली आणि काकांच्या पायांवर टाकली.